खोक्यावरची तबकडी

दातांच्या दवाखान्यातल्या टीव्हीवर प्राण्यांच्या रॉक बँडचं शनिवारचं जुनं कार्टून लागलं. अस्वलानं ड्रम बडवला, तशी माझ्यासमोरची साठीची बाई शेजारच्या भावावर उखडली.

"वेंडेल, यांच्या गाण्याची तबकडी कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावर छापलेली यायची, ती कापून ग्रामोफोनवर वाजवायची, आठवतं?"

"आठवतं, डार्लाताई."

"खोकं रिकामं झाल्याशिवाय कापायचं नाही, ही आईची ताकीद. तू भरलेलंच कापलंस आणि मार मी खाल्ला!"

"मी नाही कापलं."

"पन्नास वर्षं हेच! मेल्या, आता तरी कबूल कर."

"अगं, परवा आईचं कपाट आवरताना तीच तबकडी सापडली. वाजवून वाजवून पार गुळगुळीत झालेली."

"आईनं कापलं? आणि मारलं मला?"

डब्यातली चॉकलेटं संपवल्याबद्दल सकाळीच माझा ओरडा खाल्लेली, शेजारी बसलेली माझी लेक माझ्याकडे टक लावून बघायला लागली.

"माझ्याकडे काय बघतेस? टीव्ही बघ."