तुटका कोपरा

सपाट जगातल्या तुरुंगाच्या दारात रांग होती. वर्तुळं आली की थेट आत जात. रांगेतल्या चौकोनी सुताराला कुणाचं बोलणं चोरून ऐकायचं नव्हतं, पण पुढे दोन त्रिकोणी बायका, सासू आणि सून, बोलत होत्या.

"आई, कोठडीतून नाहीसे झालेले तुमचे चिरंजीव रस्त्यावर सापडले म्हणे."

"आणि कोठडीचं कुलूप?"

"जसंच्या तसं. भिंतीही धड आहेत."

"म्हणायचाच तो. पुढे-मागे, डावी-उजवी सोडून आणखी एक दिशा आहे."

"वर्तुळानं म्हटलं असतं तर सत्कार झाला असता. तीन कोपऱ्यांच्या माणसानं म्हटलं, तर कोठडी!"

"तू पाहिलंस त्याला?"

"लांबून. लहानपणी दारावर आदळून त्यांचा डावा कोपरा तुटला होता ना? आता डावा शाबूत आहे आणि उजवा तुटका. आरशातल्यासारखे उलटे झालेत. म्हणून तर साहेबांनी ओळख पटवायला बोलावलंय."

"कितीही गिरक्या घेतल्या तरी असं होत नाही गं."

"तेच तर! ते खरंच त्या दिशेला जाऊन, उलटून परत आले. आत सांगूया, आई. ते खरे ठरले!"

"हळू बोल. भिंत ज्याला अडवत नाही, त्याला हे लोक जिवंत ठेवतील?"

दार उघडलं. गोल साहेबांनी रस्त्यावर सापडलेल्या त्रिकोणाला पुढे केलं.

"हा तुमचाच मुलगा?"

सासूनं त्याचे तिन्ही कोपरे चाचपले. तुटक्यापाशी ती जरा रेंगाळली.

"नाही साहेब. माझ्या मुलाचा डावा तुटका होता. सोडा याला. याची आई वाट बघत असेल."