बरोब्बर पाचला

...न्हाय, दुसऱ्या कुनाला कशाला दोष देऊ, त्या एका शब्दानं माझं वाटोळं केलं! काटेकोर! आमी मिलमध्ये लूम चालवणारी मानसं, आमाला असला शब्द कुटनं ठावा? पर शेजारच्या लूमवरचा कोंडीबा सोयरीक घेऊन आला. म्हनाला, "गुरुबसप्पा, चनमल्लप्पाची बसम्मा हाय बग. पर बाप मिलमध्ये कापड मोजतो, त्याला जावई काटेकोर पायजे."

काटेकोर म्हंजे काय रं? तर म्हने, पाच म्हटलं की पाच. आयतवारी बरोब्बर पाचला त्यांच्या दारात जायचं.

आता तुमाला सांगतो, बसम्माला मी गड्ड्याच्या जत्रेत बगितलं होतं. हसली होती. माझ्याकडं बगून का माझ्या मागच्याकडं, ते काय काटेकोर सांगता येत न्हाय. पर मला ती लई आवडली होती. वयाची बत्तीस वर्सं झाली, घरात म्हातारी आई चूल फुंकती... उगं खोटं कशाला बोलू?

मंग आयतवारी पटका बांधून निगालो, ते लई आधीच पोचलो. आत जावं का? छे! काटेकोर म्हंजे काय, तर आधी बी न्हाय आन मागनं बी न्हाय. समोर लिंबाखाली उभा ऱ्हायलो. घड्याळ? आमच्या गल्लीत घड्याळ कुनाकडं हाय हो? मिलचा भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की जेवायचं. पाचचा भोंगा झाला की पाऊल उचलायचं, असं ठरवून कान टवकारून उभा.

भोंगा होईना. आतनं शेंगाच्या पोळ्यांचा वास येतोय, ऊन उतरतंय, म्हशी घरला चालल्यात... भोंगा होईना. तेवढ्यात इजापूर वेशीतला ईरप्पा, किराणावाला, तुपाचा डबा घेऊन आत गेला. ते तूप माझ्यासाठीच मागवलेलं, बरं का. पोळ्या गार होत्यात म्हनून त्यालाच पाटावर बसवला.

दिवे लागले. ईरप्पाला पोचवाय चनमल्लप्पा भाईर आले, मला बगून म्हनाले, "यारु? कोन? गुरुबसप्पा न्हवं? हितं काय करालाव?"

"भोंग्याची वाट बगतोय."

"आज आयतवार हाय की. मिल बंद."

पुढं काय सांगू? पंधरा दिवसांत ईरप्पाशी ठरलं. मी कोंडीबाला इचारलं, ईरप्पा काटेकोर हाय का रं? तर म्हने, "न्हाय, पर आत तर गेला."

आन वर चनमल्लप्पांनी मला बोलावून घेतलं, खांद्यावर हात ठिवला. "तुमच्यासारखा मानूस बगितला न्हाय बगा. भोंगा न्हाय म्हनून अंधार पडंतवर उभा, पर पाऊल उचललं न्हाय. काटेकोर म्हंजे हे. लग्नात मुहूर्ताचं घड्याळ तुमीच धरा." आन खिशातलं साखळीचं घड्याळ माझ्या हातात!

धरलं की. न्हाय कसं म्हनू? मांडव भरलेला, सगळ्यांच्या मुठीत अक्षता, बसम्मा खाली मान घालून उभी, आन सगळा गाव माझ्या तोंडाकडं बगतोय. मनात आलं, मिंटभर गप ऱ्हावं... दोन मिंटं... जल्मभर गप ऱ्हावं.

पर सहा वाजून तेरा झाले, आन मीच म्हनालो, "टाका."