बारा शिड्या

ताई : आधी बसा. अर्ज मागे घ्यायला आलात, तोही उभ्या उभ्या?

डॉक्टर : बसले की बोलायचं राहून जाईल, ताई.

ताई : मी चाकाच्या खुर्चीत जन्म काढला, माझं बोलायचं कधी काही राहिलं नाही. बसा. दादा, तुझी सुतारकामाची हत्यारं उचल त्या खुर्चीवरची.

दादा : उचलली. डॉक्टर, मी बाहेर हॉलमध्ये साठ खुर्च्या मांडून आलोय. अर्ध्या तासात लोक येतील, तुमच्या औषधाची बातमी ऐकायला. आणि तुम्ही म्हणता, पुढचा निधीच नको?

डॉक्टर : ती बातमी खरी नाही, दादा. म्हणजे मी खोटं बोलले नव्हते. पण ती खरी नाही.

ताई : सावकाश सांगा. गेल्या महिन्यात तुम्हीच लिहिलंत, माझ्यासारखीच जन्मापासून हाडं ठिसूळ असलेले चोवीस उंदीर होते, त्यातल्या बारांना औषध दिलं आणि त्या बारांची हाडं मजबूत झाली. ते पत्र मी निधीला पैसे देणाऱ्या, असं आजारी माणूस असलेल्या सगळ्या घरांना वाचून दाखवलं.

डॉक्टर : मजबूत झाली हे खरंय. कशामुळे, ते मला माहीत नाही. शोधनिबंधात तुमच्या संस्थेचे आभार मानायचे होते, म्हणून परवा मी एक फोटो शोधून काढला. तुमची मंडळी प्रयोगशाळा बघायला आली होती, त्या दिवसाचा. हा बघा. पिंजऱ्यांची वरची रांग.

दादा : माझ्या शिड्या.

ताई : कसल्या शिड्या?

दादा : तू नव्हतीस तेव्हा. लिफ्ट बंद होती, तू खालीच थांबलीस. त्याच्या आधी एकदा मी गेलो होतो, तर उंदीर आपले कोपऱ्यात बसलेले. बघवेना. म्हणून पुढच्या खेपेला वीतभर शिड्या करून नेल्या. बारा झाल्या तेवढ्यात.

डॉक्टर : शिड्या बारा, पिंजरे चोवीस. त्या वरच्या रांगेत बसल्या. आणि वरची सगळी रांग औषधवाल्यांची.

ताई : खालचे नुसते बसून.

डॉक्टर : हो. चढउतार केली की हाड बळकट होतं, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. हे पाच महिने रोज चढत होते. आता औषधाचं श्रेय किती आणि शिडीचं किती, ते वेगळं काढता येत नाही. दीड वर्षाचं काम गेलं.

दादा : म्हणजे मी वाटोळं केलं.

डॉक्टर : मी केलं. तुम्ही विचारलंत, ठेवू का, आणि मी म्हणाले, ठेवा की. पिंजऱ्यात काडी टाकली तरी वहीत लिहायची, असा आमचा नियम आहे. मी लिहिलं नाही. इतक्या प्रेमानं केलेली वस्तू, ती प्रयोगात मोजायची असते हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

(दादा खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहतो.)

ताई : दादा, इकडे बघ. मला का नाही सांगितलंस?

दादा : काय सांगायचं? तू सहा वर्षांची, कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये. मी खेळून आलो की विचारायचीस, आज झाडावर किती उंच गेलास. तेव्हा मला काही करता आलं नाही. उंदरांसाठी आलं.

ताई : किती दिवस लागले?

दादा : तीन रविवार. कडा घासत बसलो. एवढीशी हाडं त्यांची, बोचायला नकोत.

ताई : डॉक्टर, हा फोटो आणखी कुणी पाहिलाय?

डॉक्टर : पुष्कळांनी. शिड्या कुणाच्या लक्षात आल्या नाहीत.

ताई : म्हणजे तुम्ही गप्प बसला असतात तर छापून आलं असतं.

डॉक्टर : आलं असतं. मग कधीतरी मुलांवर सुरू झालं असतं. एखादी आई, मूल चालायला लागेल या आशेवर, वर्षभर त्याला सुया टोचून घेत राहिली असती. तेवढंच डोळ्यांसमोर येत होतं.

ताई : एकोणीस वर्षं मी हा निधी चालवतेय. यश सांगायला सगळे येतात. कुणी न विचारता आपली चूक सांगायला आलेल्या तुम्ही पहिल्या. मला तुमचा अभिमान वाटतो. तोंडदेखलं म्हणत नाही, दादाला विचारा.

दादा : चाळीस वर्षांत माझ्या एका टेबलाला बरं म्हणाली. तेही डुगडुगत होतं.

डॉक्टर : पण या घरांनी पोटाला चिमटा काढून दिलेले पैसे आहेत. पुन्हा कुठल्या तोंडानं मागू?

ताई : मी एक विचारते. खालच्या उंदरांना औषध न देता नुसती शिडी दिली असती तर?

डॉक्टर : तर शिडीचा वाटा कळला असता.

ताई : मग या वेळी चार गट करा. एकाला औषध, एकाला शिडी, एकाला दोन्ही, एकाला काहीच नाही. पन्नास वर्षं मला सगळे सांगत आले, हलू नकोस, मोडशील. मी हलले नाही. तरी बेचाळीस वेळा मोडले. ते बरोबर सांगत होते का, हे मला मरायच्या आत कळायला हवंय.

डॉक्टर : हा प्रश्न माझ्या मनात कधी आलाच नव्हता.

ताई : तुम्ही हिंडताफिरता. कसा येईल?

डॉक्टर : ते बरोबरच होते, असंही निघेल कदाचित.

ताई : निघू दे. निदान कळेल.

दादा : आणि औषध काही कामाचं नाही, असं निघालं तर?

डॉक्टर : तेही होऊ शकतं.

दादा : मग असंच येऊन सांगाल?

डॉक्टर : सांगेन.

दादा : तर मग किती शिड्या लागतील तेवढं बोला.

डॉक्टर : हिशोब करून सांगते. सगळ्या एका मापाच्या हव्यात. आणि कुठल्या पिंजऱ्यात कोणती, ते मी वहीत लिहीन.

ताई : निधीचा अर्ज राहू दे, बाहेर लागेल.

डॉक्टर : पण लोकांना काय सांगायचं? ते चांगली बातमी ऐकायला येतायत.

ताई : पत्र मी वाचलं होतं, आता हेही मीच सांगणार. तुम्ही माझ्या शेजारी बसा.

दादा : चिडतील लोक.

ताई : चिडू देत, त्यांचा हक्क आहे. चला.

डॉक्टर : खुर्ची मी ढकलू?

ताई : ढकला. उंबरठा उंच आहे, पण घाबरू नका. कसं न्यायचं ते मी सांगते.