मामांच्या पोटातली सम्राज्ञी

एक्स-रेच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी मामा आणि भाची फिल्मची वाट बघत बसले होते.

"मामा, रोमन नाणं तोंडात घालतं का कोणी?"

"टाकसाळीची खूण इतकी झिजलीय, डोळ्यांना दिसेना. जिभेला लागते."

"खरंय. चाळीस वर्षांत एकदाही चुकली नाही तुमची जीभ. जेवणातलं मीठ तेवढं कळत नाही."

"दोन अक्षरं लागली होती गं. तिसऱ्याला उचकी आली."

"फार दुखतंय का?"

"उद्या संग्रहालयात 'टाकसाळ अज्ञात' अशी चिठ्ठी लागेल, ते दुखतंय."

एक्स-रेवाला फिल्म घेऊन बाहेर आला.

"काका, नाणं पोटात सुखरूप आहे. राणीसाहेबांचा अंबाडासुद्धा दिसतोय बघा."

"अरे, खूण मागच्या बाजूला असते! मला पालथं झोपव आणि परत काढ."