दादा सावरला

नको, तो दिवा नको लावूस इतक्यात, वहिनी — बस आधी. ते स्टूल नको, डुगडुगतं, इकडे ये. पाणी देऊ? टेबलावरचा ग्लास नको हं, त्यात आम्ही काय काय ढवळतो, माझी बाटली घे. दाखवते गं, दाखवते, तो कुठे पळून जातोय? म्हणजे मायक्रोस्कोप कुठे पळून जातोय! सकाळीच खाऊ घातलंय पेशींना, निवांत पडू देत जरा. हसतेस काय? खाऊच म्हणतो आम्ही. एक दिवसाआड ते लालसर पाणी बदलायचं, उबेच्या पेटीत ठेवायचं — तान्ह्या पोराचं परवडलं, पण यांचं नको. सुट्टी नाही, आजारपण नाही. मी लग्न नाही केलं म्हणून लोक हळहळतात, इथे संसार करून कंबर मोडली ते कुणाला दिसतंय?

दादाच्या गेल्या वाढदिवसाला तू मला खोलीबाहेर काढलंस, आठवतं? दाराला कान लावला होता मी, खोटं कशाला बोलू. घर विकू का म्हणून विचारत होतीस दादाला. भिंगाला डोळा लावून! आणि बाहेर येऊन म्हणालीस, हो म्हणाला. मला हसू आलं — पण मी कोण हसणार? रविवारी इथे एकटी असले की मीच भांडते त्याच्याशी. दादा, आज का रुसलास, दादा, नीट वाढ की रे. आणि आज काय विचारायला आलीयस तेही ठाऊक आहे मला. लेकीकडे कायमचं राहायला जाऊ का — हो ना? तिनंच फोनवर सांगितलं. त्याला कशाला विचारायचं पण? मला विचार ना! मी सांगते, जाऊ नकोस. तू गेलीस तर माझं म्हणायला इथे आहे कोण — जाऊ दे. काय बोलत होते मी?

हां, पेशी. तू नेहमी विचारतेस, नक्की करतेस तरी काय गं दिवसभर? आयुष्यभर एकच केलं बघ. पेशींना निरोप येतात — वाढ, थांब, पुरे झालं, आता मर. हो, मर असाही निरोप असतो, आणि शहाणी पेशी मुकाट्यानं मरते. कॅन्सरची पेशी ऐकत नाही. हट्टी, थेट आपल्या घराण्यातली. दादाच्या गाठीतून काढलेल्या पेशींत तो 'थांब' कुठे अडतो, ते मी शोधून काढलं. त्यावर नाव झालं, खुर्ची मिळाली, हाताखालची पोरं मोठी झाली. सगळं त्याच्या जिवावर — म्हणजे मला वाटत होतं, त्याच्या.

आता छापायच्या आधी पेशी कुणाच्या ते तपासून द्यावं लागतं, बोटांचे ठसे घेतात ना, तसं. म्हटलं घ्या तपासून, माझ्या सख्ख्या भावाच्या आहेत, कर नाही त्याला डर कशाला? — झालं पाणी पिऊन? बाटली दे इकडे. — बाईच्या निघाल्या.

बाईच्या, वहिनी. पुन्हा तपासून घेतल्या, दुसरीकडून घेतल्या, तरी बाईच्याच. शेजारच्या टेबलावर असायच्या तेव्हा एका बाईच्या कॅन्सरच्या पेशी, जगभर वाढवतात त्या, महा दांडग्या. एखादा थेंब दादाच्या बाटलीत उडाला असेल, नळी बदलायची राहिली असेल, माझ्याच हातून की कुणाच्या, कुणास ठाऊक. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. दादाच्या पेशी मुळातच मरायला टेकल्या होत्या, तो जाऊन आठवडा झाला होता, आणि एका सकाळी बघते तर बाटली गच्च भरलेली! वेडी झाले मी. तुला फोन केला — वहिनी, दादा सावरला! तू हसलीस आणि रडलीस, आणि त्या दिवशी पहिल्यांदा धड जेवलीस, आईनं सांगितलं मला. आणि खरं काय, तर तो गेला होता गं. उरलासुरला होता तोही तेव्हाच गेला, आणि मी पेढे वाटायच्या आवाजात तुला...

ओरड माझ्यावर. लेख मागे घेईन, नाव जायचं तर जाईल, त्याचं मला काही नाही — आहे, खोटं बोलतेय, खूप आहे. पण सहा महिने झोप नाही ती त्यानं नाही. तू येणार, बॅग खाली ठेवणार, डोळा लावणार, आणि मी गप्प उभी राहणार — नाही जमलं.

कुठे निघालीस? अगं ते स्टूल नको म्हटलं ना, डुगडुगतं. वहिनी, ऐकलंस ना मी काय म्हणाले? तो नाहीये तिथे. बाई आहे. कोण, कुठली, कधीच मेलेली बाई. तिला काय विचारणार तू? — काय? — मी बाहेर जाऊ? — अगं, पण आता कशासाठी —

बरं. बरं बाई, जाते. दिव्याचं बटण उजवीकडे. दार ओढून घेते.

नाही लावत कान.