यादी ममताच्या हातात

वणीच्या कम्प्युटर दुकानात विमलताई झेरॉक्ससाठी थांबल्या होत्या. पुढे मुकुटबनची ममता अन् तिचा भाऊ बादल. दुकानदार बोलत होता तो फक्त बादलशी.

“भाऊ, गेमिंगसाठी हा लाइटवाला कॅबिनेट घ्या. पॉवर सप्लाय त्यासंग फुकट.”

“फुकटचा नको!” ममता मधातच बोलली. “आमच्या गावात व्होल्टेज उड्या मारते. ग्राफिक्स कार्ड जळलं तं तुमी भरून देसान काय?”

“भाऊ, रॅम किती टाकू?”

“सोळा जीबी सांगितली ना मी! यादी माह्या हातात हाय, अन् तुमी त्याच्याकडं काहून पाहून राह्यले?”

“ताई, खेळणार तं हे भाऊच ना? त्यायले ठरवू द्या.”

“मले कायले विचारता? मले तं गेम सुरूबी करता येत नाही. मी खोकी उचलाले आलो.”

“चाल बादल. इथून काहीच उचलाचं नाही.”

विमलताईंनी काउंटरवरचे आपले कागद झेरॉक्स न करताच परत पिशवीत घातले.