दोन मोठे शब्द

आई – 'नसते उद्योग.' बरं केलंत बाई. निदान खरं तरी छापलंत त्या टी-शर्टांवर.

ठकू – आई, चष्मा कुठाय तुझा?

आई – फ्रिजवर. चष्मा कशाला हवा? इथे दारातून दिसतंय की. केवढाली ती अक्षरं! वर 'नसते', खाली 'उद्योग'.

ठकू – अगं तसं नाहीये ते! नीट वाच ना. 'भीती नसते तिथे उद्योग उभा राहतो.' उद्योजकांच्या मेळाव्याचं घोषवाक्य आहे.

आई – असेल. मला दोनच शब्द दिसतात.

वहिनी – ठकू, ती शाई ओढायची पट्टी ठेव खाली. आईंच्या शेजारी जाऊन उभी राहा.

ठकू – वहिनी, तिला चष्म्याशिवाय काही म्हणजे काही दिसत नाही. परवा मलाच दादा समजून हाक मारली तिनं.

वहिनी – जा म्हणते ना. हं, आता बघ.

ठकू – बघितलं. त्यात काय...

वहिनी – दिसलं?

ठकू – नाही. म्हणजे हो. नको! वहिनी, साठ! साठच्या साठ! चारही दोऱ्यांवर लटकतायत, नसते उद्योग, नसते उद्योग, नसते उद्योग! आणि वर पंख्यानं हलतायत मेले. वाकुल्या दाखवतायत मला!

वहिनी – चार दिवस आपण दोघी त्या टेबलावर नाक टेकवून बसलो. मागे सरून एकदा बघितलं नाही.

ठकू – मी 'भीती' मोठं केलं होतं. तूच म्हणालीस, छातीवर एवढी मोठी 'भीती' घेऊन कोण हिंडेल, बारीक कर.

वहिनी – म्हणाले. मान्य आहे. आणि 'नसते' मोठं कुणी केलं?

ठकू – 'भीती' बारीक केल्यावर मधे जागा उरली ना! तिथे काहीतरी भरदार हवं होतं. 'नसते' कसं फिट्ट बसलं.

आई – बसणारच. या घरात तो शब्द कुठेही बसतो.

ठकू – आई, तू चहा करायला निघाली होतीस ना?

आई – निघालेच होते. मधे हे दिसलं. सूनबाई, ऑफिसातून साहेबांचा फोन पाचला यायचाय ना गं?

वहिनी – हो आई.

आई – सहा महिने जागा राखून ठेवली त्यांनी तुझी. कोण ठेवतं हल्ली? फोन आला की 'येते' म्हण आणि सुट. ठकूचं एक ठीक आहे, तिला पहिल्यापासून नाही ते सुचतं. तू शहाणी आहेस.

ठकू – वा! मी काय मग?

आई – तू माझी मुलगी आहेस.

वहिनी – आई, मी शब्द दिलाय तुम्हाला. मेळाव्याच्या अध्यक्षबाईंनी हा टी-शर्ट पास केला आणि उरलेल्या दीडशेंचं काम दिलं, तर मी ऑफिसात परत जाणार नाही. नाही दिलं तर पाच वाजता 'येते' म्हणेन. तोंड वाकडं न करता म्हणेन.

ठकू – आणि मी एकटी इथे काय करू? माझी चित्रं आणि तुझा हिशोबी हात, असं ठरलं होतं ना आपलं?

वहिनी – रडायचं नंतर. चारपर्यंत बाईंना फोटो पाठवायचाय. किती वाजले?

ठकू – पावणेचार! थांब, थांब, जवळून काढते फोटो. अगदी जवळून. जवळून सगळं वाक्य छान दिसतं.

वहिनी – आणि मेळाव्यात?

ठकू – मेळाव्यात लोक जवळ येतील, वाचतील.

आई – जवळ येऊन बाईमाणसाच्या छातीवरचं कोण वाचतं गं? वाचलंच तर मार खाईल.

ठकू – आई! हसवू नकोस ना, इथे जीव चाललाय माझा.

वहिनी – फोटो दारातूनच काढायचा. आणि चूक झालीय हे आपणच लिहायचं.

ठकू – तुला कळतंय का, ती बाई कोण आहे? पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे तिचा. चाळीस बायका आहेत हाताखाली. त्या कमिटीनं तीन बैठका घेऊन ते एक वाक्य पास केलं. तीन! आणि आपण तिला कळवायचं, बाई, तुमच्या दोनशे दहा उद्योजकांच्या छातीवर आम्ही 'नसते उद्योग' छापतोय?

वहिनी – पहिलंच मोठं काम आहे आपलं. त्यात लपवाछपवी केली तर पुढे सगळ्याच कामांत करावी लागेल. मला नाही जमायचं ते.

आई – पण एवढं रडण्यासारखं काय आहे त्यात? मी तर रोज म्हणते. कालसुद्धा म्हटलं, 'तुमचे नसते उद्योग चालूच आहेत का अजून?'

ठकू – काय म्हणालीस?

आई – काही नाही बाई. चहा टाकते.

ठकू – नाही, थांब! परत म्हण. जसं काल म्हणालीस तसंच म्हण.

आई – तुमचे नसते उद्योग चालूच आहेत का अजून?

ठकू – वहिनी!!

वहिनी – केवढ्यानं ओरडतेस!

ठकू – वहिनी, हे कुणाला ऐकावं लागलं नाहीये, सांग! नोकरी सोडून सायकलींचं दुकान काढलं, नसते उद्योग. घरी शिवणकाम सुरू केलं, नसते उद्योग. मेळाव्याला येणाऱ्या एकेकाला विचार. घरात, दारात, लग्नकार्यात, सगळीकडे हेच ऐकलं असणार. त्या अध्यक्षबाईंनीही ऐकलं असणार! मग तेच छापायचं! छातीवर 'नसते उद्योग' आणि पाठीवर 'चालूच आहेत'!

वहिनी – ...पाठीवर 'चालूच आहेत'.

ठकू – हसलीस! हसलीस तू!

वहिनी – हसले. पण छपाईची नवी जाळी करायची तर उद्याची संध्याकाळ उजाडेल.

ठकू – नवी कशाला? आहे त्याच जाळीला खालून चिकटपट्टी मारायची! बारीक शब्द झाकले की तिथून शाई उतरतच नाही. दोन मोठे शब्द तेवढे उतरतील. चिकटपट्टी कुठाय? तपकिरी, रुंदवाली! आत्ता इथे होती!

आई – तुझ्या मनगटात आहे, बांगडीसारखी.

ठकू – हां. वहिनी, कोरा शर्ट घे. निळाच घे.

वहिनी – सरळ ठेव जाळी. खांद्यापासून चार बोटं. 'राहतो'चा काना उघडा राहिलाय बघ, तिथे अजून एक तुकडा लाव. झालं? धरतेस घट्ट?

ठकू – धरलंय. ओढ. एका दमात ओढ. आता परत नको फिरवू, पसरेल.

वहिनी – उचल. हळू!

ठकू – अय्या.

वहिनी – अगदी स्वच्छ उतरलंय गं.

ठकू – कसला दिसतोय! मीच घालणार हा. पाठीवरचं मी ब्रशनंच लिहिते, फोटोपुरतं. आई, इकडे ये ना, बघ तुझं वाक्य!

आई – माझं कसलं वाक्य? दूध उतू जाईल तिकडे.

वहिनी – दोन्ही शर्ट शेजारी शेजारी लटकव. मी दारातून फोटो काढते, दुसऱ्याच्या पाठीचाही. आणि लिहिते. 'पहिल्या शर्टात आमच्याकडून मांडणीची चूक झाली आहे. लांबून भलतंच वाचलं जातं. दुसरा आम्ही आत्ता सुचला म्हणून केला आहे. दोन्ही नको असतील तर तसं स्पष्ट सांगा.'

ठकू – 'भलतंच' काढ. 'वेगळंच' लिही.

वहिनी – भलतंच आहे ते. गेला.

ठकू – गेला?

वहिनी – गेला. तोपर्यंत जाळी धुऊन ठेवते.

ठकू – मी नाही बघणार तो फोन. तूच बघ. बघितलं का त्यांनी? वहिनी, बघितलं का? वीस मिनिटं झाली.

वहिनी – बघितलं. काही लिहीत नाहीयेत.

ठकू – रागावल्या. कमिटीला दाखवतायत. कमिटी रागावली.

आई – चहा घ्या. रागावून कुणी वीस मिनिटं गप्प बसत नाही. मी बसते का?

वहिनी – श्श! त्यांचाच आलाय. नमस्कार बाई... हो, मीच बोलतेय... हो, पहिल्यात चूक आहे. आमचीच... नाही नाही, मुद्दाम नाही केलं... साठ झालेत छापून... दुसरा आहे ना, तो... काय? ...हो... हो. बाई, तुम्ही हसताय ना? ...मला वाटलं रडताय... बरं... पण तो तर चुकलेला... बरं... कळलं... हो, मोठ्या मापाचा. रविवारी सकाळी. ठेवते.

ठकू – बोल! बोल ना! तोंड का असं झालंय? गेलं काम?

वहिनी – त्यांनी पहिलं खोकं घरी जेवणाच्या टेबलावर चिकटवलं म्हणे. वडिलांनी बघितलं आणि काय म्हणाले असतील?

ठकू – नाही!

वहिनी – हेच दोन शब्द. आज ते नव्वदीला आलेत, अजून कारखान्यात आले की तेच म्हणतात.

ठकू – म्हणजे दुसरा आवडला! माझा चिकटपट्टीवाला!

वहिनी – नाही. पहिला.

ठकू – चुकलेला?

वहिनी – त्या म्हणाल्या, दुसरा नुसताच टोमणा आहे, हसलं की संपलं. पहिल्यात लांबून टोमणा दिसतो आणि जवळ आलं की आपलं म्हणणं वाचता येतं. 'एका शर्टात दोन्ही बसवलंत, आणि ही चूक म्हणता?' असं म्हणाल्या. पाठीवर 'चालूच आहेत' तेवढं हवंय. साठही घेतायत. आणखी दीडशे, रविवारी सकाळी. आणि टोमणेवाला एकच, मोठ्या मापाचा. वडिलांना घालायला.

ठकू – दीडशे! आई, दीडशे! मी चुकले आणि बरोबर आलं! वहिनी, मला उचल! नको, मी तुला उचलते!

वहिनी – अगं पडू दोघी! शाईच्या डब्यात पडू! सोड!

ठकू – आई, तिकडे काय बघतेस? आनंद झाला नाही का तुला?

आई – थांबा गं जरा. चष्मा आणलाय, वाचू दे. भीती... नसते... तिथे... उद्योग... उभा राहतो. असं आहे होय.

ठकू – मगाशी हेच तर सांगत होते.

आई – खोटं आहे हे.

ठकू – आता काय आणखी?

आई – भीती नसते, असं कुठे असतं? मी विणायचं मशीन घेतलं होतं. तुझा दादा दोन वर्षांचा होता. चौदा स्वेटर विणले. शेजारच्यांनी आवडीनं नेले.

ठकू – मशीन? आपल्याकडे? मी कधी बघितलं नाही.

आई – तू नव्हतीसच तेव्हा. विकलं मी ते.

वहिनी – मामंजी नको म्हणाले का?

आई – ते नव्हे गं, माझे सासरे. ते म्हणाले ते या दोऱ्यांवर लटकलंय बघ. सगळ्यांना मी हेच सांगते, घरच्यांनी करू दिलं नाही. ह्यांनाही हेच सांगत आले. पण तसं नव्हतं गं. एका शाळेनं शंभर स्वेटर मागितले. शंभर ऐकलं आणि मी घाबरले. वाटलं, एक जरी उसवला तर? मीच गेले त्या शाळेत आणि नाही म्हणून आले. सासऱ्यांचे दोन शब्द मला बरेच झाले, आडोशाला.

ठकू – आई...

आई – आणि मग तेच तुम्हाला ऐकवत बसले. का, कोण जाणे. वाईट वाटतं मला त्याचं.

वहिनी – आई, मला पण भीती वाटतेय. त्यांनी दीडशे म्हटल्यापासून. खरं सांगते, मघाशी क्षणभर वाटलं, नकोच म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. ऑफिसात गेले असते गपचूप.

आई – वाटायचंच तसं. मला वाटलं तेव्हा कुणाला सांगितलं नाही मी. तू सांगितलंस. आता उभी का? कोरे शर्ट किती आहेत घरात?

ठकू – बारा! बाकीचे उद्या सकाळी आणते. चिकटपट्टी काढली मी. वहिनी, शाई ओत. बारा तर करून टाकू!

वहिनी – धर. पहिला. उचल. पुढचा ठेव. आई, हा ओला आहे, दोन्ही खांद्यांना धरून न्या. दुमडू नका.

आई – स्वेटर विणलेत मी. कपडा धरता येतो मला.

(फोन वाजतो.)

ठकू – ऑफिस! पाच वाजले!

वहिनी – अगंबाई. कोपरापर्यंत शाई आहे माझ्या. आणि जाळीत ओली शाई आहे, आत्ता सोडली तर सुकून भोकं बुजतील. आई, तुम्ही घेता?

आई – मी? साहेबांशी मी काय बोलू?

वहिनी – मी येत नाही म्हणून सांगा. पण तुम्हाला पटत असेल तरच. नसेल पटत, तर थांबा म्हणा, मी हात धुऊन येते.

आई – हॅलो... हो, तिचंच घर. मी सासू बोलतेय... नाही, आत्ता नाही बोलता यायचं... उद्याही नाही. आता वाट बघू नका तिची... नाही हो, तब्येत चांगली ठणठणीत आहे. ती कामावर आहे.